प्रवासात काम करायचं तर आधी मुक्काम लांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : कंपनीने सहा महिने कुठूनही काम करायची मुभा दिली. तुम्ही दर चार-पाच दिवसांनी शहर बदलता. दोन महिन्यांत काम मागे पडलं, ते भरून काढायला रात्री जागता, आणि त्यापायी शहरंही धड बघून होत नाहीत. आता कोणतं अॅप वापरावं, कोणतं वेळापत्रक लावावं, असं तुम्ही विचारलं आहे. ऑफिसशी दररोज चारेक तास संपर्कात राहणं बंधनकारक आहे, हेही लिहिलं आहे.

अॅप कुठलंही चालेल. तुमचं दुखणं दर चार-पाच दिवसांनी शहर बदलण्यात आहे. तिथे हात घातल्याशिवाय बाकीचे उपाय वरवरचे ठरतील. मी गेली कित्येक वर्षं असंच फिरत काम करतो आहे आणि नव्याने या वाटेला लागलेल्यांना मार्गदर्शनही करतो. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

पाच दिवसांच्या मुक्कामाचा हिशेब मांडून बघा. पहिला दिवस प्रवासात जातो. खोलीचा ताबा, वाय-फायचा पासवर्ड, टेबलाची जागा, जवळ जेवायला काय मिळतं, कपडे कुठे धुवायचे, यात संध्याकाळ संपते. मग पहिली रात्र. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हा अनुभव सगळ्यांचाच आहे. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचं कारणही दाखवलं : अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो, जणू पहारा देतो. म्हणजे दुसरी सकाळही अर्धवट. शेवटच्या दिवशी डोक्यात सामान भरणं आणि पुढचं बुकिंग घोळत असतं. नीट विचार करून करायच्या कामासाठी उरले जेमतेम अडीच दिवस, आणि त्याच अडीच दिवसांत शहरही बघायचं असतं. कुणाच्याही हातून दोन्ही होणार नाही. तुमच्यात शिस्त कमी आहे असं समजून स्वतःला दोष देऊ नका.

घरी असताना शेकडो बारीकसारीक गोष्टी आधीच ठरलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा विचार करावा लागत नाही. जागा बदलली की त्या सगळ्या पुन्हा ठरवाव्या लागतात, आणि ठरवायला लागणारी बुद्धी तीच, जी कामाला लागते. म्हणून माझा नियम साधा आहे : पूर्णवेळ नोकरी असेल तर दोन आठवड्यांपेक्षा कमी मुक्काम नको. शक्य असेल तर महिनाभर राहा. महिन्याच्या भाड्यात दर रात्रीचा खर्चही सहसा कमी पडतो, पण तो दुय्यम फायदा. मुख्य फायदा असा की आठवडाभरात त्या जागेचा विचार करणं थांबतं आणि कामाचा सुरू होतो. नव्याचे नऊ दिवस एकदा सरू द्या.

मुक्काम हलवायचा तो सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी. जमत नसेल तर सरळ रजा टाका. 'विमानतळावर बसून करतो', 'गाडीत उरकतो' अशी आश्वासनं कुणाला देऊ नका. विमानात तर शरीरच साथ देत नाही. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो आणि हवेत आर्द्रता फारच कमी असते, बऱ्याचदा २० टक्क्यांच्या आत. आवाज दाबणारे हेडफोन इंजिनाची एकसुरी घरघर छान कमी करतात, पण मागच्या रांगेतल्या गप्पा त्यांना तितक्या दाबता येत नाहीत. प्रवासात करायचंच असेल तर आधी उतरवून घेतलेलं वाचन, कुणाच्या मसुद्यावर शेरे मारणं, जुने फोल्डर साफ करणं एवढंच ठेवा. झालं तर उत्तम, नाही झालं तरी कुणाचं अडत नाही, अशी कामं.

आता वेळेचा प्रश्न. तिकीट काढण्यापूर्वी नकाशा बाजूला ठेवा आणि घड्याळ बघा. ऑफिसच्या पूर्वेला गेलात तर सकाळ मोकळी मिळते आणि काम संध्याकाळी-रात्री येतं. पश्चिमेला गेलात तर पहाटे उठावं लागतं, पण दुपारपासून तुम्ही मोकळे. ऑफिस लंडनला आहे असं धरा. हिवाळ्यात बँकॉक लंडनच्या सात तास पुढे असतं. ऑफिसचे नऊ ते पाच म्हणजे तुमचे दुपारी चार ते रात्री बारा. चार तासच सामाईक हवे असतील तर चार ते आठ देऊन सुटता येतं आणि उरलेलं काम सकाळी होतं. तेच मेक्सिको सिटीला गेलात तर ऑफिसचे तास पहाटे तीन ते सकाळी अकरा होतात, म्हणजे सामाईक वेळ सात ते अकरा धरावी लागेल. यातलं काय झेपेल हे माणसावर आहे. रात्री उशिरा डोकं चालणाऱ्याने पश्चिमेला जाऊन पहाटेचा अलार्म लावण्यात अर्थ नाही. फार कमी जण जागा निवडताना हा विचार करतात. समुद्र किती जवळ आहे ते मात्र सगळे बघतात.

त्यातही घड्याळं वर्षातून दोनदा दगा देतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे दोघांमधला फरक नेहमीपेक्षा वेगळा असतो. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे पुन्हा एक आठवडा गोंधळ. आशिया आणि आफ्रिकेतले बहुतेक देश घड्याळ बदलतच नाहीत, आणि दक्षिण गोलार्धात जिथे बदलतात तिथे उलट दिशेने. लंडन आणि सिडनीमधला फरक याच कारणाने वर्षभरात नऊ तासांपासून अकरा तासांपर्यंत हलतो. उपाय असा की ठरलेल्या मीटिंगा कॅलेंडरमध्ये ऑफिसच्या टाइम झोनमध्येच टाका आणि रूपांतर कॅलेंडरला करू द्या. मनातल्या मनात 'अधिक साडेतीन' करत बसणारा माणूस मार्चमध्ये हमखास चुकतो.

पाच-सहा तासांहून जास्त फरक ओलांडत असाल तर शरीरालाही वेळ द्यावा लागतो. ढोबळ मानाने प्रत्येक तासाच्या फरकाला एक दिवस. पूर्वेकडे जाणं जास्त जड जातं, कारण आपल्या शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. त्याला दिवस ताणणं जमतं, आखडणं जमत नाही. तेव्हा पूर्वेकडच्या लांब प्रवासानंतर पहिले तीन-चार दिवस सादरीकरण, ग्राहकाशी वाटाघाटी, पगाराची बोलणी असलं काही ठेवू नका. जेट लॅगमध्ये आपण ठीक आहोत असं वाटतं, हीच त्यातली मोठी अडचण.

इंटरनेटकडे वळू. 'वाय-फाय आहे' या वाक्याला काडीची किंमत देऊ नका. घरमालकाकडे स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागा, तोही तुम्ही जिथे बसणार त्या टेबलापाशी घेतलेला. त्यात डाउनलोडचा मोठा आकडा सोडून अपलोड आणि पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघा. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण दोन ते चार एमबीपीएस पुरतात, म्हणून दहा एमबीपीएस अपलोड असलं तरी तुमचं भागतं. पण डाउनलोड शंभर आणि अपलोड दोन अशीही जोडणी असते. तिथे कॉलमध्ये तुम्हाला सगळे स्वच्छ दिसतात आणि तुम्ही मात्र समोरच्यांना तुटक-तुटक ऐकू येता. माणूस अर्धा तास बोलतो आणि शेवटी कळतं की कुणाला काही पोहोचलंच नाही.

पिंगबद्दल थोडं जास्त, कारण त्यावर पैसे खर्च करूनही उपाय नसतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. ऑफिसचा सर्व्हर दहा हजार किलोमीटर दूर असेल तर जाऊन-येऊन किमान शंभर मिलिसेकंद लागणारच, प्रत्यक्षात त्याहून जास्त. कॉलला हे चालतं. पण रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे ऑफिसचा संगणक दुरून चालवताना, माउस हलवला की बाण मागून येतो, दिवसभर चिडचिड होते, आणि ती चिडचिड आपण जागेच्या नावावर टाकतो. असं काम असेल तर शक्य तेवढ्या फाइली लॅपटॉपवर उतरवून घ्या, तिथेच काम करा आणि नंतर सिंक करा. उपग्रहावरचं नेट असेल तर कुठला उपग्रह तेही विचारा. सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरचे जुन्या पद्धतीचे उपग्रह बोलण्यात अर्ध्या सेकंदाहून जास्त खंड पाडतात. स्टारलिंकसारखे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणारे उपग्रह कॉलला चांगले चालतात.

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे कॉलच्याच वेळी नेट तपासणं. सकाळी सुरेख चालणारं नेट रात्री आठला, सगळी इमारत काही ना काही बघत असताना, रांगतं. राउटरजवळ बसणार असाल तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क घ्या. मध्ये भिंती असतील तर २.४ लांबवर पोहोचतं, पण त्यात शेजाऱ्यांची गर्दी असते. केबल लावता आली तर सगळ्यात बरं, त्यासाठीचा छोटा अडॅप्टर आणि दोन मीटर वायर बॅगेत ठेवा. आणि दुसरी वाट म्हणून स्थानिक सिम किंवा ई-सिम हवंच. ते घेऊन ठेवा, हॉटस्पॉट एकदा चालवून बघा. कॉल तुटल्यावर सिमचं दुकान शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

ओटीपीचा प्रश्न निघण्यापूर्वीच सोडवा. तुमच्या जुन्या नंबरवर येणारे मेसेज परदेशात येतीलच असं नाही, आणि सिम काढून ठेवलं तर येणारच नाहीत. जिथे शक्य आहे तिथे ऑथेंटिकेटर अॅपवर जा. त्यातला दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा फोनवरच तयार होतो, त्याला नेटवर्क लागत नाही. खात्यांचे बॅकअप कोड कागदावर छापून फोनपासून वेगळे ठेवा. ऑफिसच्या आयटी विभागाला कुठल्या देशातून लॉगिन करणार ते आधी कळवा. काही यंत्रणा अनोळखी देशातून आलेलं लॉगिन पाहताच खातं बंद करतात, आणि ते उघडून देणारा माणूस तेव्हा झोपलेला असतो.

बसायच्या जागेबद्दल थोडक्यात. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणून एक नीट उंचीवर आला की दुसरा चुकीच्या उंचीवर जातो. घडीचा स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस, एवढं वजन उचला. भाड्याच्या जागेच्या फोटोंमध्ये खरं टेबल आणि पाठ असलेली खुर्ची दिसत नसेल तर ती नाही असंच समजा. लॅपटॉपच्या चार्जरवर '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, त्यामुळे त्याला फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो. १२० व्होल्टवाल्या देशातला सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा बोर्ड) मात्र २३० व्होल्टच्या देशात लावू नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची असते. साधारण १०० वॉट-तासांपर्यंतची विमानात न्यायला सहसा अडचण येत नाही, आणि वीस हजार एमएएचची बँक सुमारे ७४ वॉट-तासांची भरते.

आता वेळापत्रक. अर्धा दिवस फिरणं, मग दोन तास काम, मग जेवण, मग पुन्हा काम ही विभागणी कागदावर सुंदर दिसते आणि प्रत्यक्षात दोन्हीचं वाटोळं करते. एका कामातून दुसऱ्यात जाताना मन मागच्या कामात काही काळ अडकून राहतं. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ च्या शोधनिबंधात हे मांडलं, आणि अर्धवट सोडलेल्या कामाच्या बाबतीत ते जास्तच जाणवतं. संग्रहालयात उभं राहून ईमेल बघणाऱ्याचं ना चित्राकडे लक्ष असतं ना ईमेलकडे. तेव्हा कामाचे दिवस कामाचे ठेवा, फिरायचे दिवस फिरायचे. कामाच्या दिवशी घराभोवती पायी जे बघून होईल तेवढंच बघा. महिनाभराच्या मुक्कामात आठ-नऊ सुट्ट्या मिळतात. एका शहरासाठी त्या पुष्कळ झाल्या, आणि 'आज नाही तर कधीच नाही' ही घाई आपोआप ओसरते.

दिवसातलं सर्वात अवघड काम सामाईक तासांच्या बाहेर ठेवा. वेळेतल्या फरकाचा खरा फायदा हाच आहे : कुणीही तुम्हाला मेसेज करू शकत नाही असे तीन-चार तास. ऑफिसात बसून असा वेळ मिळवायला लोकांना मीटिंगची खोली अडवून बसावं लागतं. पण तो वेळ कपडे धुण्यात आणि पुढचं तिकीट शोधण्यात घालवला तर राहिलं काय? तसली कामं आठवड्यातल्या एका ठरावीक संध्याकाळी एकत्र करा. काम संपवायची वेळही बांधून घ्या. नुसत्या निश्चयावर कुणी लॅपटॉप मिटत नाही, म्हणून त्या वेळेनंतर कुणाला तरी भेटायचं ठरवा किंवा एखाद्या वर्गाचे पैसे भरून ठेवा.

सोबत कुणी असेल तर हा भाग नीट वाचा, कारण यावर कुणी बोलत नाही. तुम्ही कामावर आणि सोबतचं माणूस सुट्टीवर, ही जोडी आठवड्यात कुरबुरीला येते. 'फक्त दहा मिनिटं' म्हणून तुम्ही तासभर कॉलवर, आणि समोरचा माणूस बूट घालून दारात. जायच्या आधीच सांगून टाका की अमुक वेळ ते अमुक वेळ मी नाही असं समज, माझी वाट न बघता बाहेर पड. शक्य तर दार असलेली वेगळी खोली घ्या. एका खोलीत राहून पैसे वाचतात, पण दुसऱ्याला दिवसभर कुजबुजत जगावं लागतं. जवळ को-वर्किंगची, म्हणजे भाड्याने टेबल देणारी सामाईक ऑफिसची जागा असेल तर अशा जोड्यांसाठी तिचं भाडं सत्कारणी लागतं.

ऑफिसच्या बाजूने बघा. तुमच्या साहेबांना तुम्ही कुठे आहात याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांना अनिश्चिततेचा त्रास होतो : आज सापडेल का, उत्तर कधी देईल, नेट असेल का. म्हणून मुक्काम हलवण्याच्या दोन दिवस आधी चार ओळी लिहून पाठवा. काय पूर्ण झालं, काय अर्धवट आहे, फाइल कुठे आहे, मी पुन्हा किती वाजता हजर असेन. देण्याची तारीख प्रवासाच्या दिवशी येत असेल तर काम एक दिवस आधी द्या. रोज संध्याकाळी असाच छोटा निरोप टाकत गेलात तर सामाईक वेळ चारवरून तीन तासांवर आणा म्हणायलाही तोंड राहतं. कॉलच्या सुरुवातीला खिडकीबाहेरचं दृश्य मात्र दाखवू नका. बाकीचे बंद खोलीत बसलेले असतात.

कायद्याचं बघून घ्या, कारण ते बिघडलं तर काम आणि प्रवास दोन्ही थांबतात. पर्यटक व्हिसावर दूरच्या कंपनीचं काम चालतं का, याचं उत्तर देशागणिक वेगळं आहे. एस्टोनियाने २०२० मध्ये, क्रोएशियाने २०२१ मध्ये आणि स्पेनने २०२३ मध्ये अशा लोकांसाठी वेगळी सोय सुरू केली. शेंगेन देशांत (आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) बाहेरच्या पाहुण्याला सहसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि तो हिशेब सगळ्या देशांचा मिळून होतो. करासाठी बरेच देश १८३ दिवसांची मर्यादा धरतात, पण तेवढी एकच कसोटी नसते. तुमची मुभा सहा महिन्यांची आहे, म्हणजे हा आकडा तुमच्यापासून फार दूर नाही. कोणकोणत्या देशांतून काम करणार ते कंपनीकडून लेखी मंजूर करून घ्या.

तुमच्या हातात आता चार महिने आहेत. पुढची सगळी बुकिंग रद्द करता येतात का ते आज बघा आणि त्यांच्या जागी चार, फार तर पाच मुक्काम ठरवा. पहिला मुक्काम ऑफिसपासून दोन तासांच्या फरकात असू द्या, म्हणजे मागे पडलेलं काम घड्याळाशी न झगडता निस्तरता येईल. लांबचं शहर तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला ठेवा. दुसऱ्या मुक्कामाच्या शेवटी एक तास काढून, निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत पूर्ण केलेली कामं आणि आताची कामं शेजारी-शेजारी मांडा. दिवसभर मीटिंगा किंवा शिफ्टमधली ग्राहकसेवा असं काम असेल तर त्यात तूट दिसेलच, आणि ती कुठल्याही शिस्तीने भरणार नाही. तेव्हा उरलेले मुक्काम ऑफिसच्याच टाइम झोनमध्ये घ्या. काम मुख्यतः एकट्याने बसून करायचं असेल आणि तरीही तूट दिसली, तर एक मुक्काम कमी करून उरलेले लांबवा.